जुन्या डोळ्याचा जांभळा

९ ऑगस्ट. सकाळपासून अंगणात बसून जुने हातोडे निवडत होते. भंगारातून आणलेलं पोतं उलटं केलं होतं आणि एकेक हातोडा ग्राइंडरला टेकवून ठिणगी बघत होते. ठिणगी पिवळी, लांब आणि टोकाला फुलबाजीसारखी फुटणारी असेल तर पोलाद चांगलं. तांबूस, आखूड, लगेच विझणारी असेल तर हातोडा बिडाचा, म्हणजे साच्यात ओतलेला. असा हातोडा तापवून त्याच्यावर घण घातला की खारी बिस्किटासारखा चुरा होतो. हे काम मी एरवी पोतं घरी आलं त्याच दिवशी उरकते. त्या दिवशी मात्र एकदा निवडलेले हातोडे दुसऱ्यांदा निवडत होते, कारण आमच्या कुऱ्हाडी टिकत नव्हत्या.

धारेचे टवके उडत होते. कुऱ्हाड लाकडात नीट बसायची, पण बाहेर काढली की धारेला उंदरानं कुरतडल्यासारख्या खाचा. असं आमच्या दुकानात कधी झालं नव्हतं.

आमचं दुकान वरकुट्याला, रस्त्याला लागून. वर पत्रा, आत भट्टी, भट्टीला हवा द्यायला विजेचा ब्लोअर, आणि वीज गेली तर हातानं फिरवायचा जुना पंखा. शेजारी चिंचेच्या ओंडक्यात रोवलेली ऐरण. या अंकाच्या संपादक ताईंनी मला सांगितलं होतं की बाईमाणूस लोहारकामात कशी आली ते लिहा. त्याचं उत्तर सोपं आहे. आमच्या घरात बाई या कामात येतेच. नवरा एका हातातल्या सांडशीनं तापलेलं लोखंड धरतो, त्याच्या दुसऱ्या हातात छोटी हातोडी असते, आणि समोर उभं राहून मोठा घण मारायचा तो बायकोनं. मला बघायला आले तेव्हा सासऱ्यांनी भाकरी येते का, शिवण येतं का, काहीच विचारलं नाही. माझ्या वडिलांच्या घणाकडं बोट करून म्हणाले, "पोरी, जरा उचल बघू." मी उचलला आणि ऐरणीवर आपटला. "हं," म्हणाले, आणि चहा घेतला. लग्न ठरलं.

ऐरणीजवळ बोलायला वेळ नसतो. लोखंड निवायच्या आत काम व्हावं लागतं. हे छोट्या हातोडीनं जिथं टक करतात तिथं माझा घण पडायचा. दोनदा टकटक म्हणजे हलका मारायचा. हातोडी ऐरणीच्या मोकळ्या जागेवर वाजली की थांबायचं. घरात आमची पुष्कळ भांडणं झाली, पण ऐरणीवर एकही झालं नाही. तिथं एकजण सांगतो आणि दुसरा मारतो, आणि मारणारी मी असते, त्यामुळं सांगणारा जपून असतो.

कुऱ्हाड जुन्या हातोड्याचीच का, असं लोक विचारतात. एक तर हातोड्याला नेढं, म्हणजे दांडा घालायचं भोक, आयतं असतं. अखंड लोखंडात भोक पाडायचं म्हणजे अर्धा दिवस आणि माझा खांदा दोन्ही जातात. दुसरं म्हणजे हातोड्याचं पोलाद. खाणीत दगड फोडणारा हातोडा आयुष्यभर मार देतो आणि मार खातो, तरी फुटत नाही. त्याचं तोंड पसरून वाकडं झालं की त्याचा मालक त्याला भंगारात टाकतो. आमच्या दृष्टीनं तो तेव्हा कामाला येतो. आधी त्याचं एक तोंड तापवून, ठोकून, पातळ करून पातं काढायचं. दुसरं तोंड तसंच ठेवायचं, खुंट्या ठोकायला उपयोगी पडतं. हातोड्याचं नेढं मध्ये कंबरेसारखं बारीक असतं. त्यात जाड सुंबा, म्हणजे निमुळती पोलादी खुंटी, ठोकून ते एका बाजूला मोठं, एका बाजूला लहान असं करावं लागतं. मग दांडा कुदळीच्या दांड्यासारखा वरून घालता येतो, आणि झटका जितका जोराचा तितका तो घट्ट बसत जातो.

हे हातोडा हातात घेतला की तो कुणी वापरला असेल ते सांगतात. तोंडाची डावी कड जास्त झिजली असेल तर म्हणतात, "हा डावरा गडी हुता." तोंडाच्या मधोमध खळगा पडला असेल तर, "ह्यानं छिन्नीवर मारलाय, दगडावर न्हाय." मी सुरुवातीला थापा समजायचे. मग एकदा भंगारवाल्याकडं त्या हातोड्याचा जुना मालकच भेटला आणि डाव्या हातानं तंबाखू मळायला लागला. त्या दिवसापासून मी वाद घालणं सोडलं.

आमच्या कुऱ्हाडी पूर्वी आसपासचे शेतकरी आणि लाकूडतोडे घ्यायचे. अलीकडं पुण्याहूनही माणसं येतात. आमची मुलगी रूपाली बारामतीला दिलेली आहे. तिनं मोबाइलवर फोटो टाकले तेव्हापासून हे सुरू झालं. त्यातली पहिली आली ती तन्वी नावाची मुलगी. नोकरी कॉम्प्युटरची आणि सुट्टीत डोंगरात तंबू ठोकून राहण्याची हौस. तिला टोमॅहॉक पाहिजे होता. टोमॅहॉक म्हणजे अमेरिकेतल्या मूळ लोकांची एका हातात मावणारी छोटी कुऱ्हाड. तिनं फोटो दाखवला. ह्यांनी मोबाइल लांब धरून बघितला.

"ही तर बारक्या पोराची कुऱ्हाड हाय. हिनं काय तोडणार?"

"काका, तोडायची नाही. फेकायची."

"फेकून मारायची? कुणाला?"

"लाकडी फळीला."

"फळीनं काय केलंय तुमचं?"

ती इतकी हसली की दोन नग सांगून गेली. पुन्हा आली ती टोमॅहॉक न्यायला. पात्यावरचे पिवळे, तपकिरी, जांभळे, निळे पट्टे मी घासून काढणार होते, तर तिनं माझा हात धरला. "काकू, हे रंग राहू द्या. मला असेच पाहिजेत." हे रंग म्हणजे आमच्या कामातला सगळ्यात नाजूक भाग, आणि पुढची सगळी गोष्ट त्यांचीच आहे, म्हणून नीट सांगते.

पातं ठोकून झालं की त्याला पाणी द्यावं लागतं. पातं लालभडक तापवायचं आणि फक्त धारेकडचा भाग पाण्यात बुडवायचा. धार काचेसारखी कडक होते. पण काचेसारखी ठेवून चालत नाही, काच फुटते. म्हणून कुऱ्हाड लगेच बाहेर काढून विटेच्या तुकड्यानं पातं घासून पांढरं करायचं आणि बघत राहायचं. मागच्या जाड भागात उष्णता शिल्लक असते, ती हळूहळू धारेकडं सरकते. तिच्याबरोबर रंग सरकतात. पुढं फिकट पिवळा, त्याच्यामागं तपकिरी, मग जांभळा, मग निळा. जसजसे रंग धारेवरून जातात तसतशी धार नरम पडत जाते. पाहिजे तो रंग धारेवर आला की सगळी कुऱ्हाड पाण्यात. लवकर बुडवली तर धार कडक राहते आणि टवके उडतात. उशीर झाला तर धार वळते. मध्ये जेमतेम दोन श्वासांचं अंतर. ह्यांच्या वडिलांनी ह्यांना शिकवलेलं होतं की लाकूडतोड्याच्या कुऱ्हाडीला पूर्ण जांभळा येऊ द्यायचा. ह्यांनी पाणी दिलेल्या कुऱ्हाडी पुन्हा दुकानात येतात त्या फक्त झिजलेली धार शेवटून, म्हणजे तापवून-ठोकून पुन्हा पातळ करून घ्यायला, दुसऱ्या कशालाही नाही. हे मी बायको म्हणून सांगत नाही. मी त्या कुऱ्हाडींवर घण मारलाय, मला माहीत आहे.

आणि आता टवके. पहिला फोटो तन्वीचा आला, तिच्या मैत्रिणीसाठी नंतर केलेल्या टोमॅहॉकचा. तो फळीवर फेकला असेल, दगडावर गेला असेल, असं म्हणून आम्ही सोडून दिलं. मग वडगाव निंबाळकरहून बजरंगतात्या आले. त्यांची लाकूडतोड्यांची टोळी आहे. पडीक रानातली वेडी बाभूळ तोडायची आणि तिचा कोळसा पाडायचा हा त्यांचा धंदा. ती बाभूळ इतकी टणक की साधी कुऱ्हाड आठवड्यात हात टेकते. म्हणून तात्या पहिल्यापासून कुऱ्हाडी आमच्याकडूनच नेतात आणि आम्हाला कोळसा देतात. त्यांनी पिशवीतून आमचीच कुऱ्हाड काढली आणि ऐरणीवर ठेवली.

"ज्ञानबा, ही कुऱ्हाड हाय का करवत, तेवढं सांग. हिला दात आल्यात."

ह्यांनी धारेवरून अंगठा फिरवला आणि कुऱ्हाड बाजूला ठेवली.

"चार नेल्या, चारी अशाच," तात्या म्हणाले. "गडी म्हनत्यात, मिस्त्री म्हातारा झाला. मी म्हनलं, गप बसा, त्याचं लोखंड खराब आलं आसंल. खरं काय ते तूच सांग."

"बघतो," हे म्हणाले. एवढंच.

तात्या गेल्यावर ह्यांनी ब्लोअर बंद केला आणि पहिल्यांदाच माझ्याकडं न बघता बोलले. "मंगल, लोखंड चांगलं हाय. माझा हात गेला. दसऱ्याला ऐरणीची पूजा करू आन् थांबू."

माझं उत्तर तयार होतं, पण मी दिलं नाही. हात गेला असं म्हणणाऱ्या माणसाला नाही गेला म्हणून काही फरक पडत नाही. दाखवून द्यावं लागतं. म्हणून ९ ऑगस्टला मी पोतं उलटं केलं. दोष हातोड्यात सापडला असता तर मला बरं वाटलं असतं. पण एकूण एक ठिणगी पिवळी, लांब, फुलासारखी.

तरीसुद्धा टवके उडालेली कुऱ्हाड घेऊन मी स्कूटरवरून बारामतीला गेले. आम्हाला हातोडे देणाऱ्या मुनीरभाईंचं दुकान तिथं आहे. मी कुऱ्हाड त्यांच्या काट्यावर आदळली. "काय दिलंय हे?"

मुनीरभाई शांत माणूस. त्यांनी कुऱ्हाड उलटीपालटी करून बघितली. "वैनी, ह्या हातोड्यानं मरस्तोवर दगड फोडला, तवा त्याचं काय फुटलं न्हाय. तुमच्याकडं आल्यावरच त्याला दात आलं व्हय? लोखंड माझं हाय, पर पाणी मिस्त्रीचं हाय."

मी भांडायला गेले होते. पण बोलणं बिनतोड होतं. त्यांच्याकडचा चहा पिऊन परत आले.

हे दुकानाच्या दारात खुर्चीवर बसले होते. मी स्कूटर लावून आत आले तसं वरपासून खालपर्यंत बघून म्हणाले, "नवी घेतलीस व्हय? निळी ब्येस दिसती."

मी अंगावरच्या साडीकडं बघितलं. रूपालीच्या लग्नात ह्यांनीच घेतलेली मोरपंखी साडी. ह्यांच्या तोंडी तिचं नाव 'ती हिरवी' असंच होतं. 'ती हिरवी नेस', 'त्या हिरवीला इस्त्री कर.' मी म्हटलं, "ही तुमची हिरवीच हाय."

"उगं चेष्टा करू नगंस."

आता एक गोष्ट सांगायला हवी. उन्हाळा संपता संपता ह्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन बारामतीला झालं होतं. सांगितले तेवढे दिवस धूर टाळून हे पुन्हा भट्टीवर आले होते. डावा डोळा राहिला होता, त्याची तारीख ऑगस्ट अखेरची होती. ऑपरेशननंतर दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या होत्या, "दोन डोळ्यांत थोडा फरक वाटेल, रंग वेगळे वाटतील. दुसरा झाला की सारखं होईल." आम्ही ते ऐकलं आणि पिशवीतली औषधं मोजत बसलो.

"उजवा डोळा झाका," मी म्हटलं.

"कशाला?"

"झाका म्हनती ना."

त्यांनी तळहातानं उजवा डोळा झाकला. "हिरवी हाय की," म्हणाले.

"आता डावा झाका."

हात बदलला. मग हसायला लागले. "आयला! निळी झाली." आणि मग लहान पोरासारखं हात बदलत बसले. हिरवी, निळी, हिरवी, निळी. रस्त्यानं जाणारे लोक बघत होते.

मला हसू आलं नाही. मी पाण्याचा विचार करत होते. मोतीबिंदू एका रात्रीत येत नाही. वर्षानुवर्षं डोळ्यावर पिवळट पडदा चढत गेला आणि त्यातून ह्यांना निळा रंग कमी कमी दिसत गेला. ज्याला हे जांभळा म्हणत होते, तो बाकीच्यांच्या डोळ्यांना केव्हाच निळा झालेला असायचा. वडिलांनी शिकवलेला जांभळाही बहुधा म्हाताऱ्या डोळ्यांचाच असणार, आणि ह्यांचा हात तर कुऱ्हाड लाकडात कशी टिकते ते बघून बेतत गेला, त्यामुळं पाणी बरोबर बसत राहिलं. आता उजव्या डोळ्यावरचा पडदा गेला, खरा जांभळा लवकर दिसायला लागला, आणि हे लवकर बुडवायला लागले.

हे सगळं मला आधी कळायला हवं होतं असं कुणी म्हणेल. पण पाणी देताना मी कधी रंग बघतच नव्हते. घण खाली ठेवला की माझा भाग संपायचा आणि मी चहा ठेवायला जायचे. पाणी हा सांडशी धरणाऱ्याचा मामला. आमच्यात बाई त्यात तोंड घालत नाही, आणि खरं सांगायचं तर मला तेवढीच उसंत मिळायची.

त्या दिवशी मी चहा ठेवायला गेले नाही. एक ठोकून ठेवलेली कुऱ्हाड तापवली, ह्यांनी धार बुडवून काढली, विटेनं घासली. दोघं उजेडात पात्यावर वाकलो.

"डावा झाका आन् सांगा."

"पिवळा... तपकिरी... आला, जांभळा आला."

"आता उजवा झाका. पटकन्."

हात बदलला. "आरं, हा अजून तपकिरीच हाय." थांबले. रंग सरकत होते. माझ्या डोळ्यांदेखत धार जांभळी होऊन निळ्याकडं गेली, आणि तेव्हा हे म्हणाले, "आता आला. आता जांभळा." आणि बुडवली.

ती कुऱ्हाड आम्ही दुकानामागच्या वाळलेल्या बाभळीच्या गाठीवर मारली. मीच मारली, जोर लावून, वाकडी करून काढली, पुन्हा मारली. धारेवर नख फिरवलं. एक खाच नाही.

"हात कुठंबी गेलेला न्हाय," मी म्हटलं. "डोळा नवा आलाय."

मला वाटलं होतं आता प्रश्न मिटला. पण ह्यांचा चेहरा आणखीच उतरला. त्यांचा हिशोब माझ्यापुढं गेला होता. "मग डाव्याचं आपरेशन करायचं न्हाय," म्हणाले.

"का?"

"हा डोळा धंद्याचा हाय. ह्येला बी नवा केला तर पाणी कोन बघनार? दोन्ही डोळं शहाणं झालं की मी येडा."

"त्या डोळ्यानं तुमाला बस कुठली ती दिसत न्हाय."

"बस कशाला पायजे? कुऱ्हाड दिसती. धुकं हाय, पर रंग खरं हायत."

मी डॉक्टरांनी सांगितलेलं पुन्हा सांगितलं. डोळ्यातला मोतीबिंदू पिकलाय, तसाच ठेवला तर आहे ती नजरही जाईल. ते म्हणाले, "तवर व्हतील तेवढ्या कुऱ्हाडी करू." मी म्हटलं, तारीख घेतलीये. ते म्हणाले, तारीख परत दे. पुढं आम्ही दोघंही जे बोललो ते छापण्यासारखं नाही. रूपालीनं फोनवर रडून बघितलं, तिला म्हणाले, "तुझ्या आईनं डोकं फिरवलंय तुझं." मला राग आला तो ह्यांचा नाही, पेचाचा. डोळा वाचवायचा तर हात जातो, हात वाचवायचा तर डोळा जातो. आणि ह्यांच्याकडं ह्या दोन गोष्टी सोडून तिसरं काही नाही. शेती नाही, दुसरा धंदा येत नाही, आणि रिकामं बसायला शिकलेले नाहीत.

वाट दाखवली ती तन्वीनं, तिला न कळता. तिच्या स्वतःच्या पहिल्या दोन टोमॅहॉकपैकी एकाचा दांडा बदलायचा होता म्हणून तो आमच्याकडं आलेला होता. मी दांडा काढताना पात्यावरचे ते रंग बघितले, जे तिनं मला घासू दिले नव्हते. एवढे महिने झाले, तेल लावलेलं होतं, आणि पट्टे जसेच्या तसे होते. पिवळा तिथं पिवळा, निळा तिथं निळा.

मी टोमॅहॉक ह्यांच्यापुढं धरला. "हे रंग जात न्हाईत."

"मग?"

"मग तुमच्या डाव्या डोळ्याचा जांभळा काढून ठेवता येतो."

पहिल्यांदा त्यांना पटलं नाही. दुसऱ्यांदा पटलं, पण कबूल केलं नाही. तिसऱ्यांदा उठून त्यांनी स्वतःच एक हातोडा निवडला. तो तापवून आम्ही ठोकून ठोकून वीतभर लांब, बोटभर रुंद पट्टी काढली. मी ती पॉलिश पेपरनं आरशासारखी घासली. तिचं एक टोक निखाऱ्यात धरलं आणि दुसरं बाहेर. रंग पट्टीवरून चालायला लागले. सगळे रंग एकामागं एक मांडले गेले तसं ह्यांनी पट्टी पाण्यात घातली. वर काढली तर एका टोकाला निळा, मग जांभळा, तपकिरी, पिवळा, आणि दुसऱ्या टोकाला कोरं पोलाद.

"उजवा झाका," मी म्हटलं. "कुठं बुडवायचं ते दाखवा."

ह्यांनी पट्टी दारातल्या उजेडात धरली. डावा डोळा बारीक करून कितीतरी वेळ बघत राहिले. मग अंगठ्याचं नख टेकवलं. "हितं." नख होतं तिथं मी छिन्नीनं रेघ मारली. ते नख माझ्या दृष्टीनं चांगल्या निळ्यावर होतं.

मग डावा झाकून बघितलं. "आरं, हितं तर आभाळागत निळं हाय!"

"आसू दे की. नाव काय बी आसू दे. रेघेजवळचा रंग आन् धारेवरचा रंग सारखा दिसला की बुडवायचं. नव्या डोळ्याला दोन्ही सारखंच निळं दिसंल."

त्या पट्टीवरून आणि फक्त नव्या डोळ्यानं ह्यांनी एका कुऱ्हाडीला पाणी दिलं. ती मी तात्यांकडं पाठवली नाही, तात्यांनाच बोलावलं. ते अंथुर्ण्याकडच्या रानात काम चालू होतं तिथून आले. आमच्या गाठीवर त्यांचा विश्वास नव्हता, म्हणून येताना टेम्पोत स्वतःचं लाकूड घालून आणलं. कोयत्याला दाद न देणारा वेड्या बाभळीचा बुंधा. शर्टाच्या बाह्या वर करून त्यांनी कुऱ्हाड चालवली. पहिल्या घावाला मी धारेकडं बघत होते, हे जमिनीकडं. तात्यांनी मुद्दाम वाकडे घाव घातले, कुऱ्हाड अडकवून हिसकून काढली, आणि शेवटी चष्मा लावून धार बघितली.

"दात पडलं हिचं," म्हणाले. "म्हातारी झाली कुऱ्हाड, आन् मिस्त्री झाला तरना."

हे हसले, पण आत जाऊन पट्टी तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवली. दवाखान्याची तारीख परत द्यायची गोष्ट त्यानंतर काढली नाही. फक्त जायच्या आदल्या दिवशी भट्टीपुढं बसून बराच वेळ उजवा डोळा झाकून निखारे बघत होते. मी विचारलं नाही. माणसाला आपल्या डोळ्याचा निरोप घ्यायचा असेल तर घेऊ द्यावा.

ऑपरेशन नीट झालं. डाव्या डोळ्यावर पट्टी बांधून त्यांना घरी आणलं. धूर नाही, धूळ नाही, जड उचलायचं नाही, हे मागच्यासारखंच. त्याच संध्याकाळी तात्यांचा फोन आला. टोळीचं काम अडलं होतं, जुन्या कुऱ्हाडी निकामी झाल्या होत्या, चार तरी पाहिजेत. ठोकून तयार होत्या. फक्त पाणी द्यायचं राहिलं होतं.

"थांबा म्हनावं, मी उठल्यावर देतो," हे खाटेवरून म्हणाले.

"तुमी उठस्तोवर त्यांचं गडी दुसऱ्या गावाला जातील."

"मग कोन देनार?"

मी फडक्यातली पोलादी पट्टी काढून खाटेवर ठेवली. ती हातात घेऊन म्हणाले, "पयल्यांदा बुडवताना धारच बुडव, निम्मं पातं नगं. आन् घासताना घाई करू नगंस, पर बुडवताना करायची." म्हणजे मोकळीक मिळाली. इतक्या वर्षांत ह्यांच्या घराण्यात कुठल्याही बाईला ती मिळालेली नव्हती, पण त्यांनी ती अशी दिली की जणू मीठ किती घालायचं ते सांगतायत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर भट्टी पेटवली. ह्यांची खुर्ची धुरापासून लांब, रस्त्यापलीकडच्या लिंबाखाली नेऊन ठेवली. रंगांची पट्टी खिळ्याला टांगली, उजेडाकडं तोंड करून. पहिली कुऱ्हाड बाहेर काढली तेव्हा माझा हात सांडशीवर अवघडत होता, मला घणाची सवय. धार बुडवली, घासली, पिवळा गेला, तपकिरी गेला. लिंबाखालून हाक आली, "आला का?" मी म्हटलं, "न्हाय अजून." जांभळा आला. तिथं बुडवावंसं फार वाटलं. नाही बुडवली. पट्टीवरची रेघ आणि धार एका रंगाची झाली तशी कुऱ्हाड पाण्यात घातली. मग उरलेल्या तीन.

चारही कुऱ्हाडी बाभळीच्या गाठीवर मारून बघितल्या. मग हात पुसले आणि तात्यांना फोन लावला.

"कुऱ्हाडी तयार हायत, येऊन न्या. आन् ऐका तात्या, ह्या मोडल्या तर मला सांगायचं, ह्यांना न्हाय. पाणी माझं हाय."